दोन तुकड्यांचं छप्पर

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमच्या घरात कोणी आजारी पडत नसे. ताप यायचाच असला तर तो मंगळवारी यायचा. सोमवारी गडावरच्या महादेवाला जायचं असे, आणि आईपुढे यायची तापाचीही हिंमत होत नसे.

अकोट सोडून सातपुड्याच्या दिशेनं निघालं की आधी कपाशी आणि तुरीची शेतं लागतात, मग ती संपतात, रस्ता चढाला लागतो आणि साग सुरू होतो. वर एका कड्याच्या पोटात महादेव आहे. कड्यावरून पाण्याची धार बरोबर कपारीच्या तोंडावर पडते, त्यामुळे ओलं झाल्याशिवाय कोणालाच देव भेटत नाही. देऊळ कोणाच्या काळातलं, कपार कोणी कोरली, हे कोणाला ठाऊक नाही. पांडवांचं नाव घेतलं की आमच्याकडे प्रश्न मिटतो. आता ते सगळं जंगल वाघांचं झालंय आणि जंगल खात्याचं गेट यात्रेपुरतंच उघडतं.

यंदा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा अकोल्याहून आईचा फोन आला.

"बेबी, गडाचं गेट कधी उघडते, पाह्यलं काय?"

मी चोपन्न वर्षांची आहे. अमरावतीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते, मी वर्गात गेले की पन्नास मुली उभ्या राहतात. पण आईच्या फोनमध्ये मी बेबीच असते, आणि फोन कानापासून हातभर लांब धरला तरी तिचा आवाज सगळ्या स्टाफरूमला ऐकू जातो.

"आई, तुझे गुडघे पाहिलेस का? गडावर कुठं जातेस आता?"

"मंग नको नेऊ. पन गडावर जाऊन आल्याबिगर मी सही करत नाई. सुहासले सांगून दे."

सही म्हणजे अकोल्याचं घर विकण्याच्या कागदांवरची सही. सुहास माझा धाकटा भाऊ, तो पुण्याला असतो. बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी राहत होती. मागच्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छतातून गळलेल्या पाण्यावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या वहिनी दूध द्यायला आल्या तोवर ती तिथंच, ओल्या फरशीवर पडून होती. मनगट जुळलं, पण हातात जोर राहिला नाही. त्यानंतर आम्ही भावंडांनी ठरवलं की आता तिनं अमरावतीला माझ्याकडे यायचं. घराला गिऱ्हाईक मिळालं, कागद तयार झाले. आई हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. तिनं फक्त गडाचं काढलं.

सुहास फोनवर वैतागला. मी नाही वैतागले. कारण ते छत का गळतं, हे त्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं, आणि तेही वयाच्या दहाव्या वर्षापासून. घर बांधायच्या कितीतरी आधीपासून.

तेव्हा आम्ही अकोटला राहत होतो. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही भाड्याची पाच घरं पाहिली होती. एका घरात मालकीणबाई नळाला कुलूप लावायच्या. एका घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती, म्हणून आमचे सगळे देव वर्षभर कोनाड्यात एकमेकांना टेकून उभे होते. एका घरी आईनं लावलेली तुळस निघताना मालकांनी ठेवून घेतली, कुंडी त्यांची म्हणून. पुष्कळ दिवसांनी आई भाकरी थापताना एकदम म्हणाली, "कुंडी त्याह्यची होती, तुळस तं माही होती." समोर मीच होते, आणि मला तुळशीपेक्षा भाकरीची घाई होती.

त्या वर्षी पाचवं घर सोडायचं होतं. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पोळा झाला की खोल्या रिकाम्या करा असा निरोप आला होता. मागच्या वेळची अर्धी भांडी तर अजून पोत्यातच होती. आईनं ती मुद्दामच काढली नव्हती.

सोमवारी पहाटे उठून आई साबुदाण्याची उसळ करायची. कढईभर उसळ, वर दाण्याचा कूट हात सैल सोडून, आणि सोबत गुळाचा खडा. एस.टी.त पाय ठेवायला जागा नसे, पण ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचे, त्यामुळे आम्हाला इंजिनाच्या झाकणावर बसायला मिळायचं. खालून गरम, वरून खिडकीतला पाऊस. मागे बाया महादेवाची गाणी म्हणायच्या. एकीनं ओळ सोडली की दुसरी धरायची आणि चढाला गाडी थकली की गाणंही हळू व्हायचं. बाबा मात्र गाण्याकडे लक्ष न देता इंजिनाचा आवाज ऐकत. "दुसऱ्या गिअरले कण्हून राहिली," असं मध्येच म्हणत, जसं काही घरातलंच माणूस कण्हतंय.

त्या वर्षी आमच्यासोबत कौसल्यामावशी होती. शेजारच्या खोलीत राहायची, ती आणि तिची लेक. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये जायची, पावसाळ्यात शेतात निंदणाला. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला घरात ठेवलं नव्हतं. आईचं आणि तिचं फार जमायचं. कारण काय, तर दोघींनाही मालकीणबाईंचा चांगला राग येत असे.

गाडीतून उतरल्यावर पायवाट. श्रावणात सागाला पांढरा फुलोरा आलेला असतो आणि नवी पानं कोवळी असतात. ते कोवळं पान दोन तळव्यांमध्ये चोळलं की हात लालभडक होतात, मेंदीला रात्र लागते ते इथं चार मिनिटांत. आम्ही पोरी वाटेतच हात रंगवून घ्यायचो. तो रंग लवकर जात नाही, हे मला त्या दिवशी नको इतकं कळलं.

अर्ध्या वाटेवर एक उतार आहे. तिथं देऊळ नाही, पार नाही, शेंदूर लावलेला दगडही नाही. नुसती घरं आहेत. वीतभर उंचीची. ज्याला स्वतःचं घर नाही त्यानं तिथं दगडावर दगड मांडून घर करायचं आणि वर जाऊन महादेवाला सांगायचं, बाबा, खाली मांडून आलो, आता तू बघ. कोणी तीन दगडांचं करतं, कोणी पाच. दुसऱ्याच्या घराला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आणि एकदा मांडून झालं की आपल्या घरालाही पुन्हा हात लावायचा नाही, हा दुसरा. देवानं घर पाहायचं ते आपण सोडलं तसंच.

आई तीन दगडांवर भागवणारी नव्हती. ती पदर खोचून बसायची. आधी पूर्व कुठली ते सूर्य नसला तरी ठरवायची, मग त्या बाजूला चुलीचा दगड. पुढे ओटा. ओट्यासमोर चिमटीभर मातीत एक काडी, म्हणजे तुळस. बाबा उभ्याउभ्या चेष्टा करायचे, "मोरी राहिली वाटते." आई खरंच मोरी करायची. त्या वर्षी तिला छपरासाठी एक दगड मिळाला होता, काळा, सपाट, पाटासारखा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून ठेवला आणि थोडी मागं सरकून पाहिलं. पाचव्या घरातून निघायच्या वर्षी ती तशी पाहत होती, हे आता समजतं.

कौसल्यामावशीनं शेजारीच एक खोलीचं घर मांडलं. चार उभे दगड, वर दगडाची एक पातळ चीप.

सगळे वर निघाले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मागे राहिले. "आलीच," म्हटलं. अंगठा दाबून बसवला, उठले, ओल्या मातीवर पाय सरकला आणि तो थेट कौसल्यामावशीच्या घरावर गेला. भिंती पडल्या. छपराची चीप दगडावर आपटून तिचे दोन तुकडे झाले.

वाटेवर त्या क्षणी कोणी नव्हतं. मी भिंती उभ्या केल्या. पण छप्पर? आजूबाजूचे सगळे सपाट दगड कोणाच्या ना कोणाच्या घरावर होते. मावशी खाली येताना पाहणार, तिचं घर पडलेलं दिसणार. तिला आधीच एका घरातून काढलेलं होतं, एवढं मला दहाव्या वर्षीही ठाऊक होतं. मी आईच्या घरावरचा काळा दगड काढला आणि मावशीच्या घरावर ठेवला. आईच्या घरावर ते दोन तुकडे शेजारी शेजारी लावले. मध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. वरून एक सागाचं पान टाकलं आणि पळत सुटले.

वर धारेखाली आई डोळे मिटून उभी होती, लुगडं अंगाला चिकटलेलं, ओठ हलत होते. काय मागत होती ते सांगायला नकोच. मी धारेत हात चोळचोळ चोळले, लाल ते लालच. पिंडीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. खाली येताना उतारापाशी आई क्षणभर थांबली. मी चपलेकडे पाहत राहिले. मग ती पुढे चालू लागली आणि सागाचं पान तेवढ्यात उडून गेलेलं मला दिसलं.

पुढच्याच वर्षी कौसल्यामावशीच्या भावानं भातकुलीकडे गावठाणातली जागा तिच्या नावावर केली. एक खोली, वर टिनं. आम्ही पाहायला गेलो तेव्हा धो धो पाऊस होता. मावशी कौतुकानं वर बोट करून म्हणाली, "पाह्य वो, थेंब नाई." मी वर पाहिलं नाही, कपातल्या चहाकडे पाहत राहिले.

आमचं घर व्हायला त्यानंतर अकरा वर्षं गेली. अकोल्याच्या कडेला, तेव्हा तिथं रस्ताही नव्हता. स्वयंपाकघर पूर्वेला, ओटा, ओट्यासमोर तुळस, सगळं आईनं मांडलं होतं तसं. आणि पहिल्याच श्रावणात छत गळलं. कुठं गळावं? बरोबर मधोमध, एका सरळ रेषेत.

बाबांनी हयातभर त्या रेषेशी लढा दिला. डांबर झालं, ताडपत्री झाली, फुटक्या टाइल्सचे तुकडे चिकटवून झाले. "अकोल्याच्या उन्हानं स्लॅब तडकते," बाबा सांगायचे, आणि ते खरंच आहे. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, थंडीनं आकुंचन पावतात, हा धडा मी दरवर्षी आठवीला शिकवते, उदाहरण म्हणून आमच्याच स्लॅबचं देते. पण श्रावणात त्या रेषेखाली घमेलं ठेवताना मला प्रसरण-आकुंचन आठवत नसे. दोन तुकडे आणि बोटभर फट आठवे. आईला सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं आणि "चहा ठेवू का?" असं विचारून मिटलं. मागच्या वर्षी ती त्या पाण्यावरून पडली तेव्हा दवाखान्यात मी तिचा प्लास्टरमधला हात धरून बसले होते. तेव्हाही बोलले नाही. शिकलेल्या बाईनं असलं काही बोलायचं नसतं ना.

तर यंदा रविवारी मी अकोल्याला गेले. संध्याकाळी घर घेणारे दोघं पुन्हा एकदा पाहायला आले, नवरा-बायको, तिशीतले. तो भिंती ठोकून पाहत होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली आणि म्हणाली, "काकू, सकायी इथं ऊन येते काय वो?"

"येते," आई म्हणाली. "आन छत गळते. तिथं, त्या रेघेत."

रात्री सुहासचा फोन. "गिऱ्हाइकाला असं कोणी सांगतं का आई?"

"तिले कायले फसवू? तीन घरं बदलली तिनं चार वर्सात." एवढं बोलून आईनं फोन माझ्या हातात दिला आणि झोपायला गेली. मला वाटलं, ती सौदा मोडायला पाहतेय. गडाचंही त्यासाठीच काढलंय.

सोमवारी गाडी केली. अकोटच्या बाहेर कपाशी गुडघ्याला लागली होती, पोळ्याला अजून वेळ होता. गेटवर खात्याचा मुलगा सगळ्यांच्या पिशव्यांतून प्लॅस्टिकच्या बाटल्या काढून घेत होता. आईनं पिशवीतून पाण्याचा पितळी गडवा काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"हा चालते काय?"

"चालते माय, पळते," तो हसला.

पायवाटेला आता कठडे झालेत. तरी आई दर दहा पावलांना थांबायची. उतारापाशी आलो तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. एका दगडावर बसून तिनं गडवा माझ्याकडे दिला.

"मी इथंच बसतो. तू वर जाय. माहं नाव सांग, आन धारेचं पानी आन."

मी वर गेले. धार तशीच होती. चष्मा काढून पदरात बांधला आणि आत शिरले. आईचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. मग काय मागावं ते सुचेना. आजवर आमच्या घरानं या देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीच विकायला निघालो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पिंडीवर हात ठेवला आणि गडवा भरून खाली आले.

आई जमिनीवर बसली होती, पदर खोचून. डाव्या हातानं दगड मांडत होती. पूर्वेला चूल झाली होती, ओटा झाला होता, काडी रोवून झाली होती.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, घर विकायच्या आदल्या दिवशी, ही बाई पुन्हा घर मागत बसली होती. मला रडू आलं आणि त्या रडण्यात सगळं बाहेर पडलं. चप्पल, चीप, काळा दगड, फट. तिचं मनगटसुद्धा. "आई, तुझं छप्पर मी काढलं होतं."

तिनं हातातला दगड नीट बसवला.

"मले काय माहीत नाई? कौसल्याच्या छपरावर लाल बोटं कोनाची होती मंग?"

"मग बोलली का नाहीस? पुन्हा बदलून का नाही घेतलंस?"

"काहून घेऊ? देल्लं छप्पर कोनी परत घेते काय?" मग म्हणाली, "तिले घर झालं ना. अन आपल्याले बी झालंच. गळलं, पन कोनी खाली कर म्हनलं नाई. आन उनानं तडकलं ते, तुह्या बाबानं शंभरदा सांगतलं. मास्तरीन होऊन तुले समजत नाई?"

मी नाक पुसलं. "मग आता हे कशाला मांडतेस? उद्या सही करायची ना?"

"करतो ना सही. हे माह्यं नोय." तिनं मोरीचा दगड शोधता शोधता सांगितलं. "त्या पोरीचं हाये. खिडकी उघडून पाह्यते पह्यले. तिचं तरी छप्पर नीट ठिवाव म्हनलं. माह्या हातानं उचलत नाई आता. तू आन एक दगड. सपाट पाह्यजे. आन कोनाच्या घरावरचा आनू नको."

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे न पाहता म्हटलं.

मी शोधायला निघाले. उतारभर घरं, आणि मोकळा सपाट दगड एकही नाही. इतकी माणसं घर मागून गेली होती. ओढ्यापर्यंत खाली गेले, पाय गुडघ्यापर्यंत ओले केले, तेव्हा पाण्यात एक सापडला. काळा, पाटासारखा. दोन्ही हातांनी छातीशी धरून चढ चढले, मध्ये दोनदा टेकले. आईनं तळव्यानं त्याच्यावरची माती पुसली, उलटून पालटून पाहिला, तडा कुठं आहे का ते नखानं तपासलं, आणि मान हलवली. मी तो भिंतींवर ठेवला. तिनं डाव्या हातानं थोडा डावीकडे सरकवला.

"गडवा दे."

मला वाटलं तीर्थ घेतेय. तिनं गडवा तिरका केला आणि धारेचं पाणी त्या छपरावर ओतायला सुरुवात केली. हळूहळू, मधोमध, एका रेषेत, पाण्याचा थेंब उरला नाही तोवर. मग गुडघा आवळत, कण्हत, ती खाली वाकली, चष्मा कपाळावर केला आणि एका डोळ्यानं त्या वीतभर दारातून आत पाहत राहिली. किती वेळ ती तशी होती कोण जाणे. वर येणारे दोघं-तिघं थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

"नाई गळत," ती म्हणाली, आणि उठव म्हणून माझ्याकडे हात केला.